समुद्राच्या तळाशी खामगावची गाठ

कोकणातून परत आल्यापासून खामगावात जो भेटतो तो एकच विचारतो, "समुद्रात आपली कापसाची गाठ सापडली म्हणतात, खरं का?" खरं आहे. तिचा जेवढा भाग वर काढला आहे तेवढा मी पाहिला, हात लावला, आणि तिच्या पट्टीची रुंदी स्वतः मोजली. पण बाजारात उभ्या उभ्या एवढंच सांगून होतं आणि निम्मं राहून जातं. राहिलेलं निम्मं मला जास्त मोलाचं वाटतं, म्हणून सवडीनं लिहायला बसलो.

खामगाव

मी एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात व्यवस्थापक आहे. ज्यांनी असा कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कापसातून सरकी काढली की रुई उरते. ती प्रेसमध्ये दाबून तिची गाठ करतात. आजची गाठ साधारण एकशे सत्तर किलोची असते. पूर्वी तिच्यावर गोणपाट असे आणि गोणपाटावरून लोखंडी पट्ट्या आवळत. हंगामातली पहिली गाठ ही मुहूर्ताची गाठ. तिची पूजा होते, नारळ फुटतो, आणि आमच्याकडे आणखी एक गोष्ट होते. एक नाणं लाल कापडाच्या पुरचुंडीत बांधून मधल्या पट्टीखाली सरकवतात आणि मग ती पट्टी आवळतात. नाणं त्याच वर्षाचं आणि कोरं लागतं. जुन्या वर्षाचं चालत नाही. यावर म्हातारे लोक अडून बसत, आणि त्यासाठी मी स्वतः बँकेत दोन-दोन हेलपाटे घातले आहेत. पुरचुंडी ठेवण्याचा मान घरच्या लहान मुलीचा.

आता सूतगिरण्या गाठीत धातूचा कण खपवून घेत नाहीत, म्हणून पूजा झाली की नाणं काढून घेतो. पूर्वी ते गाठीबरोबरच जाई. ही रीत खामगावातल्या सगळ्या कारखान्यांत होती का, ते मला ठाऊक नाही. आमच्या आणि शेजारच्या दोन कारखान्यांत होती, एवढं खात्रीनं सांगू शकतो.

माझी मुलगी अश्विनी पाच वर्षांची होती तेव्हापासून बारा वर्षांची होईपर्यंत तो मान तिचा होता. आज ती समुद्राखालच्या पुरातत्त्वाचा अभ्यास करते. म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून बुडालेल्या जहाजांपर्यंत जाते आणि ती कोणती, कुठली, कधीची ते शोधते. समुद्र नसलेल्या जिल्ह्यातली मुलगी हे कुठे शिकली, असं लोक विचारतात. पोहायला ती वडनेर भोलजीला माझ्या सासऱ्यांच्या शेतातल्या विहिरीत शिकली. मामानं पाठीला पत्र्याचा डबा बांधून वरून सोडली. ती वर आली ती रडत नव्हती, डबा सोडा म्हणत होती.

गेली दोन वर्षं ती आणि तिचे सहकारी सिंधुदुर्ग जिल्ह्यात एका खाडीच्या तोंडाबाहेर बुडालेल्या मालवाहू आगबोटीवर काम करत आहेत. मुंबईहून कापूस घेऊन दक्षिणेकडे जाणारी ही बोट 'नर्मदा' असावी, असं तिनं गेल्या वर्षी तिथल्या गावकऱ्यांना सांगितलं होतं. गावकऱ्यांना ते आधीपासूनच माहीत होतं. त्या जागेला ते नर्मदेची जागाच म्हणतात. तेव्हा मीही इथे दहा जणांना अभिमानानं सांगितलं की माझ्या पोरीनं बोट ओळखली.

यंदा जानेवारीत, ऐन हंगामात, तिचा फोन आला.

"बाबा, मुहूर्ताच्या गाठीतलं नाणं सापडलं. पट्टीखालचं."

"कुठे?"

"बोटीत. तुम्ही अन् आई या. येताना भंगारातली जुनी लोखंडी पट्टी घेऊन या, हातभर."

मी फोन ठेवला आणि सुनंदाला, म्हणजे माझ्या पत्नीला, सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मंग बसून काऊन राह्यले? पट्टी शोधा ना."

खाडीकाठ

शेगावहून मुंबई, मुंबईहून कणकवली आणि पुढे एस.टी. या प्रवासात लिहिण्यासारखं फार नाही. मात्र सुरक्षा तपासणीत माझ्या पिशवीतून गंजकी लोखंडी पट्टी निघाल्यावर पोलिसाला ती कशाची आणि मुंबईला कशाला चालली हे समजावताना माझी थोडी तारांबळ झाली. सुनंदा मागून म्हणत होती, "सांगा त्याले, लेकीसाठी आहेर हाय."

आमची उतरण्याची सोय भिकाजी तांडेल यांच्याकडे होती. वय पंचाहत्तरीच्या आसपास. त्यांच्या दोन यांत्रिक होड्या आहेत, आणि त्यांतली एक अश्विनीची मंडळी वापरतात. गावात त्यांना भाई म्हणतात. घर उतरत्या कौलांचं, पुढे शेणानं सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, मागे माड. आपल्याकडे जानेवारीत ओठ फुटतात. इथे सकाळी धुतलेला सदरा संध्याकाळपर्यंत ओलाच.

जेवणाचा घोळ पहिल्याच दिवशी झाला. आम्ही माळकरी नाही, पण घरात मांसाहार नाही. भाईंच्या सुनेनं, सुलभाताईंनी, आमच्यासाठी सुरमई आणून ठेवली होती. मी नको म्हटल्यावर त्या गोंधळल्या.

"मग सुकट तरी?"

"तेही नाही."

"नुसती आमटी केलंय तर चलात मां?" असं विचारताना त्यांचा चेहरा असा झाला, जणू आम्ही आजारी आहोत. पण नंतर त्यांनी ओल्या काजूची उसळ आणि कुळथाची पिठी केली, ती मी अजून विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी सुनंदानं सोबत आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापल्या आणि मिरचीचा ठेचा केला. भाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, हातात तोलला आणि म्हणाले, "ह्या खाऊन मनीस बुडाचो नाय." काय म्हणायचं होतं ते कळलं नाही, पण त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

पहिल्या दिवशी चहा घेतानाच त्यांनी मला खळ्यात बसवून सांगायला सुरुवात केली होती.

"तुमच्या चेडवान माझो आजो सोदून काढल्यान."

चेडू म्हणजे मुलगी. त्यांचे आजोबा नर्मदेवर खलाशी होते. एका वादळात ती बुडाली तेव्हा भाईंचे वडील पाळण्यात होते. गावातले आणखीही काही खलाशी बोटीवर होते. कोणी परत आलं नाही. पुढे याच गावच्या मासेमारांची जाळी खाडीबाहेर एका ठिकाणी अडकायला लागली, आणि लोखंडाचे तुकडे वर यायला लागले. तेव्हापासून नारळी पौर्णिमेला गावाच्या होड्या तिथे जातात. नारळ आणि नाणी पाण्यात सोडतात.

"माझ्या बापाशीन आयुष्यभर सोडलो नारळ. आता मी सोडतंय. पण मनात एक आसायचा, की खरांच थंय आसा की नाय. तुमच्या चेडवान सांगल्यान, आसा. माका बरा वाटला."

मला अभिमान वाटला, आणि मी तो लपवलाही नाही.

ओसरीवर

संध्याकाळी अश्विनी समुद्रावरून आली. केस मिठानं ताठ झाले होते, आणि चेहरा उतरलेला. पोरीनं खामगावची गाठ शोधली आणि तोंड असं का, मला समजेना. हातपाय धुऊन तिनं आम्हाला भाईंच्याच घरातल्या तिच्या खोलीपुढच्या ओसरीवर नेलं आणि पाण्यानं भरलेला एक ट्रे समोर ठेवला.

त्यात गंज, चिखल आणि रुई यांचा एकत्र झालेला एक काळा गोळा होता. तळाच्या चिखलात हवा पोचत नाही, म्हणून रुई शंभर वर्षांत कुजून गेली नव्हती, फक्त कोळशासारखी काळी झाली होती. गोळ्यातून पट्टीचा वीतभर तुकडा दिसत होता. मी मोजपट्टी लावली. माझ्याकडची भंगारातली पट्टी तिच्या शेजारी धरली. रुंदी तीच. पण रुंदीवरून काही सिद्ध होत नाही, तशा पट्ट्या सगळीकडेच वापरत, हे मी तिला सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि छोट्या डबीतून नाणं काढून दिलं.

तांब्याचं पाव आण्याचं नाणं. एका बाजूला लोखंडाचा गंज चिकटलेला, खरवडून साल वाचता येईल इतका काढलेला. दुसऱ्या बाजूला, पुरचुंडीच्या पातळ कापडातून उमटलेले, गोणपाटाच्या विणीचे उभे-आडवे बारीक ठसे. म्हणजे ते पट्टी आणि गोणपाट यांच्या मधे दाबलं गेलं होतं. तिच्या सोबतच्यांना ते खलाशाच्या खिशातलं वाटलं होतं. तिनं मात्र एका नजरेत ओळखलं. आठ वर्षं तिनं स्वतः तसं नाणं तिथेच सरकवलं होतं.

"साल वाचा, बाबा."

मी वाचलं. ते साल इथे लिहीत नाही. तिचा अहवाल अजून छापून यायचा आहे. पण एवढं सांगतो, की नर्मदा बुडाली त्यानंतर दोन वर्षांनी पाडलेलं ते नाणं होतं.

मी परत वाचलं. चष्मा पुसून वाचलं.

"म्हणजे ही नर्मदा नाही," मी म्हणालो.

"नाही. शारदा आहे."

मग तिनं समजावलं. एकाच कंपनीच्या, एकाच कारखान्यात बांधलेल्या दोन बोटी होत्या, नर्मदा आणि शारदा. लांबी, रुंदी, बॉयलर, सगळं सारखं. नर्मदा बुडाली, आणि दोन वर्षांनी, कापसाच्या हंगामातच, शारदा मुंबईहून रुई घेऊन निघाली ती कुठल्याच बंदराला लागली नाही. तिचं एक फळकूटही कुणाला मिळालं नाही, म्हणून ती कुठे बुडाली हे आजपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. तळावरच्या बोटीची मापं दोघींनाही लागू पडत होती. गावाची आठवण नर्मदेची होती, म्हणून अश्विनीनं नर्मदा म्हटलं. आता मुहूर्ताचं नाणं त्याच वर्षाचं लागतं, आणि त्याच हंगामात शारदा हरवली.

"किती खात्री?" मी विचारलं.

"नाणं मुहूर्ताचं असेल तर पूर्ण. पण गाव म्हणेल, हे आम्ही सोडलेल्या नाण्यांतलं आहे. आणि बाबा, तिथे त्यांची नाणी आहेतच. ढिगानं सापडली."

"पट्टीखाली?"

"नाही. वर, सुटी."

सुनंदा ट्रेवर वाकून तो गोळा बघत होती. तिनं विचारलं, "मंग सांगून टाक ना गावाले. काऊन थांबून राह्यली?"

"भाई आजोबांना काय सांगू, आई? गेल्या वर्षी मीच सांगितलं होतं, तुमचे आजोबा इथे आहेत म्हणून. अन् अजून चार दिवसांचं काम बाकी आहे. होडी त्यांची आहे. ते नाही म्हणाले तर यंदाचा हंगाम गेला."

"अन् नाही सांगतलं तर?"

अश्विनीनं माझ्या हातातलं नाणं घेऊन परत डबीत ठेवलं. हिशेब साधा होता, पण तो मांडायला भाईंच्या ओसरीवर जागा सापडत नव्हती. आत सुलभाताई आमच्यासाठी वेगळं, बिनमाशांचं कालवण शिजवत होत्या.

होडीवर

दुसऱ्या दिवशी भाईंनी आम्हाला नर्मदेची जागा दाखवायला नेलं. खाडीच्या तोंडाशी गोडं आणि खारं पाणी भेटतं तिथे होडी एका बाजूला अशी कलली की मी दोन्ही हातांनी काठ धरला. थोड्याच वेळात सकाळचं सगळं खाणं समुद्राला दिलं. सुनंदाला काहीही झालं नाही. ती पुढे बसून भाईंशी गप्पा मारत होती. ती वऱ्हाडी बोलत होती, ते मालवणी बोलत होते. ती 'मले' म्हणे, ते 'माका' म्हणत, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं.

"तुमच्याकडे पानी किती खोल लागते?" तिनं विचारलं.

"हय? आठ-धा वाव." एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी, असं त्यांनी हात पसरून दाखवलं.

"आमच्या इकडं ईहिरीले उन्हाळ्यात त्याहून खाली जावं लागते," सुनंदा म्हणाली.

भाई हसले. "म्हणान चेडू घाबरना नाय."

जागा आली. मला तिथे पाण्याशिवाय काही दिसलं नाही. एक पिवळा पिंप दोरीला बांधून तरंगत होता, एवढंच. भाईंनी इंजीन बंद केलं, टोपी काढली, खिशातून एक नाणं काढून पाण्यात सोडलं, आणि हात जोडून पुटपुटले. आम्हीही हात जोडले. ज्या आजोबांना आपण नमस्कार करतोय ते इथे नाहीत, हे मला माहीत होतं आणि भाईंना नव्हतं.

परतताना मी अश्विनीला हळूच म्हणालो, "आजच सांग."

"आजच सांगणार आहे. देवळात बोलावलंय सगळ्यांना," ती म्हणाली. तिनं सकाळीच निरोप धाडला होता. माझ्या सांगण्यासाठी ती थांबली नव्हती.

देवळात

दिवस मावळायच्या सुमाराला देवळाच्या मांडवात पन्नासेक माणसं जमली. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला, तेवढं आपल्यासारखंच. भाई खांबाला टेकून पुढेच बसले.

अश्विनी उभी राहिली. तिनं प्रस्तावना केली नाही. म्हणाली, "गेल्या वर्षी याच मांडवात मी तुम्हाला सांगितलं होतं, की खाली आहे ती नर्मदा. ते माझं चुकलं. खाली नर्मदा नाही. तुमचे लोक तिथे नाहीत."

मग तिनं दोन बोटींची गोष्ट, नाणं, साल, सगळं क्रमानं सांगितलं. एकही शब्द गुळमुळीत नाही. ती बोलत होती तोवर कुणी हललं नाही. संपल्यावर मात्र एकदम सगळे बोलायला लागले.

"नाणी आमीच सोडतंव वर्साक वर्सा. त्यातलाच आसतला ता," मागून एक जण म्हणाला.

"गेल्या वर्सा एक सांगतास, औंदा दुसरा. फुडल्या वर्सा तिसरा सांगशात," दुसरा म्हणाला, तेव्हा काही जण हसले. अश्विनीचे कान लाल झाले. लहानपणापासून रागावली की तिचे कान लाल होतात. पण ती शांतपणे म्हणाली, "पुढच्या वर्षी नवा पुरावा मिळाला तर तिसरंही सांगेन."

भाईंनी हात वर केला. सगळे थांबले. ते माझ्याकडे वळले.

"तुमी कापसातले. ता नाणा कसला, तुमी सांगा. तुमचा चेडू म्हणान नको. खरा काय ता."

मी उठलो. इतक्या लोकांसमोर मी कधी बोललो नाही. भाई ज्या डोळ्यांनी बघत होते त्यांत स्पष्ट दिसत होतं, मी नुसतं 'सांगता येत नाही' म्हटलं तरी त्यांना पुरलं असतं. त्यांचे आजोबा जिथे होते तिथेच राहिले असते. आणि 'सांगता येत नाही' हे म्हणायला अवघडही नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या गाठीबद्दल कुणी शपथेवर काय सांगणार.

मी आणलेली पट्टी आणि एक गोणपाटाचा तुकडा घेतला. खिशातलं नाणं मधे ठेवलं आणि पट्टी दाबून धरली. म्हणालो, "आमच्याकडे पहिल्या गाठीला असं नाणं घालतात. त्याच वर्षाचं. गाठ प्रेसमध्ये दाबलेली असतानाच ते आत जातं. पट्टी एकदा आवळली की तिच्याखाली सुरीचं टोकही शिरत नाही. वरून पाण्यात सोडलेलं नाणं पट्टीवर पडेल. पट्टीखाली जाणार नाही." मग मला वाटलं तेही सांगायला हवं, म्हणून पुढे म्हणालो, "ही गाठ खामगावच्याच कारखान्याची, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. रीत आमची आहे, एवढंच. पण ते नाणं तुम्ही सोडलेलं नाही, हे सांगू शकतो."

भाईंनी नाणं आणि पट्टी हातात घेतली. स्वतः दाबून पाहिली. नख खाली घालून पाहिलं. बराच वेळ ते तेच करत होते.

"म्हणजे माझो आजो थंय नाय," ते म्हणाले.

"नाही, आजोबा," अश्विनी म्हणाली.

"मग खंय आसा?"

"मला माहीत नाही."

ते उठले, चपला घातल्या आणि कुणाशी न बोलता गेले. बाकीचेही उठले. रात्री सुलभाताईंनी आम्हाला वाढलं, पण भाई पानावर आले नाहीत. अश्विनीनं दोन घास खाऊन हात धुतला. सुनंदा तिला म्हणाली, "चांगलं केलं तू. आता रडाचं असंन तर रड." ती रडली नाही. मी पडल्या पडल्या विचार करत होतो, आयुष्यात किती वेळा मी चुकीचा आकडा मांडवात उभं राहून दुरुस्त केला? कारखान्यात दुरुस्ती करतो ती टेबलावर, चार लोकांत. पन्नास जणांसमोर एकदाही नाही. पोर माझ्यापेक्षा पुढे गेली होती, आणि त्या रात्री बोट ओळखल्याचा अभिमान मला आठवतही नव्हता.

पुन्हा होडीवर

सकाळी अश्विनी आणि तिचे दोन सहकारी टाक्या घेऊन धक्क्यावर गेले. होडी मिळेल अशी आशा त्यांना नव्हती, पण ठरलेल्या वेळी जायचं म्हणून गेले. मी आणि सुनंदा मागे.

होडी सुरू होती. भाई सुकाणूपाशी बसलेले, शेजारी नारळ.

"चला, भरती सरतली," एवढंच म्हणाले.

नर्मदेच्या जागी, म्हणजे आता शारदेच्या जागी, त्यांनी इंजीन थांबवलं. नारळ उचलला आणि सुनंदाच्या हातात दिला.

"तुमच्या कापसाबरोबर कोणकोण होते, खंयचे होते, देवाक म्हायत. शंभर वर्सां त्यांका आमचो नारळ पावलो. आता बंद केलो तर उपाशी रवतले. आज तुमी सोडा."

सुनंदानं पदर डोक्यावर घेतला आणि नारळ पाण्यात सोडला. तो जरा वेळ होडीलाच चिकटून राहिला, मग गेला.

अश्विनी टाकी चढवायला लागली तर भाई म्हणाले, "थांब गे. हय नको आज." आणि होडी दक्षिणेकडे वळवली.

वाटेत त्यांनी सांगितलं. दोन टेकड्या आणि एक माड एका रेषेत आले की तिथेही त्यांचं जाळं अडकतं. तो खडक आहे असं ते समजत आले. अडचणीच्या जागी मासे जमतात, म्हणून अशी जागा ज्याला सापडते तो ती कुणाला सांगत नाही, सख्ख्या भावालाही नाही. ही त्यांच्या वडिलांनी त्यांना दाखवलेली. त्यांच्या घराची दोन लग्नं आणि एक होडी त्या जागेच्या माशांवर झाली. अश्विनीच्या मंडळींनी नकाशात नोंदली की ती उद्या सगळ्यांची होणार, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"मग काऊन दाखवता, भाई?" सुनंदानं विचारलं.

"चेडवान सगळ्यांच्या फुड्यात सांगल्यान, चुकला म्हणान. तिका दाखवूक नको तर कोणाक दाखवू?"

टेकड्या एका रेषेत आल्या, मग माडही आला. अश्विनी पाण्यात उतरली. आम्ही बुडबुडे पाहत बसलो. भाई हातातली दोरी उगाच गुंडाळत आणि सोडत होते. बुडबुडे एका जागेवरून दुसरीकडे सरकले, परत आले, लांब गेले. मग ती वर आली, तोंडातली नळी काढली, होडीचा काठ धरला.

"खडक नाही, आजोबा. लोखंड आहे. बोटीचंच."

भाई उभे राहिले. "आमची?"

अश्विनीनं ओठ मिटले. तिला हो म्हणावंसं किती वाटत होतं, ते मला होडीतून दिसत होतं.

"ते आज नाही सांगत."

भाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खाली बसून तिला वर घ्यायला हात पुढे केला.

"नको सांगू," ते म्हणाले. "खात्री झाली की सांग. तोपर्यंत होडी तुझीच."